वर्गाच्या ग्रुपवर छळ सुरू झाला की शाळेने काय करावं

इंदूरच्या शाळेत मी आठवी-नववीला शिकवते. रामबागेतली आमची मुलं घरी मराठी बोलतात, पण ग्रुपवर सगळं हिंदीत, चिडवणंसुद्धा. पकडलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, मजाक था." ज्याच्यावर चाललंय त्याने "बस" म्हटल्यावरही थांबत नसेल, तर तो मजाक नव्हे.

शिव्याच असतात असंही नाही. एका मुलीचा स्नेहसंमेलनातला, नेमके डोळे अर्धवट मिटलेला फोटो कापून कुणीतरी स्टिकर केला. तिने गृहपाठ विचारला तरी पाच-सहा जण तोच स्टिकर टाकायचे. शेवटी तिने विचारणंच सोडलं.

मूल सांगायला आलं की आधी त्याचा फोन हातात घेऊ नका. फोन जप्त होणार म्हटल्यावर पुढचं मूल सांगायला येतच नाही. त्यालाच चॅट उघडू द्या, आपण शेजारी बसा. मेसेज डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढा. त्यात ग्रुपचं नाव, तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. नुसतं सेव्ह केलेलं "पप्पू" कामाचं नाही. इन्स्टाग्रामवर खोटं खातं असेल तर प्रोफाइलची लिंक ठेवा. रिपोर्ट आणि ब्लॉक त्यानंतर.

मुलाचा अश्लील फोटो असेल तर मात्र स्क्रीनशॉट काढायचा नाही, मुख्याध्यापकांनाही पुढे पाठवायचा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल, ही सबब तिथे चालत नाही. हेल्पलाइन नंबर: सायबर तक्रारीसाठी 1930, मुलांच्या मदतीसाठी 1098. आणि "66 ए लावू" असं कुणाला धमकावू नका. आयटी कायद्यातलं ते कलम सुप्रीम कोर्टाने 2015 सालीच रद्द केलंय.

प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावण्याची आपल्याकडे फार हौस. त्याचाही व्हिडिओ निघतो! दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवा. तुकडी बदलायचीच तर त्रास देणाऱ्याची बदला. ग्रुपवर नुसते बघत बसलेल्यांना एकेकटं गाठा. चारचौघांत गप्प राहणारी मुलं एकटी असली की बरंच सांगतात.

पंधरा दिवसांनी ज्याला त्रास झाला त्या मुलाला पुन्हा विचारा. जुना ग्रुप बंद झाला की बहुधा नवा निघालेला असतो, आणि त्यात त्याला घेतलेलंच नसतं.