शिकता शिकता युरोप पाहायचा तर: व्हिएन्नाची दोन रात्रींची सहल कशी आखावी

मास्टर्ससाठी म्युनिकला गेले, त्या वर्षी पहिल्याच सुट्टीत नऊ दिवसांत सहा शहरं पालथी घातली. फोटो भरपूर आहेत, पण कुठे काय खाल्लं, कोणाशी बोलले, हे आज आठवत नाही. तेव्हापासून एका सुट्टीत एकच शहर, किमान दोन रात्री. म्युनिकहून व्हिएन्ना मी अशी केली.

आधी कागदपत्रं. जर्मनीचा निवास परवाना असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात येत नाहीत. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ बरोबर ठेवा. परतताना सीमेवर गाडीत तपासणी झाली तेव्हा माझं कार्ड खोलीवर राहिलं होतं. फोनमधल्या फोटोवर भागलं नाही. खाली उतरावं लागलं आणि चौकशी होईस्तोवर पुढच्या दोन गाड्या निघून गेल्या.

तिकिटात पैसे वाचवायला जागा आहे. मे २०२३ मध्ये सुरू झालेला डॉइचलांडटिकेट हा मासिक पास जर्मनीतल्या प्रादेशिक गाड्यांना चालतो, जलद गाड्यांना नाही. पण तो सीमेपलीकडच्या, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतो! म्हणजे साल्झबुर्ग ते व्हिएन्ना एवढंच तिकीट काढायचं. तो प्रवास साधारण अडीच तासांचा. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

आता ज्यासाठी जायचं ते. व्हिएन्नाच्या श्टाट्सऑपर या सरकारी ऑपेरागृहात उभं राहून ऑपेरा पाहायची स्वस्त तिकिटं मिळतात. त्यांना श्टेप्लाट्स म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे प्रयोग नसतात, तेव्हा सप्टेंबर ते जूनमधलीच तारीख धरा. दार उघडायच्या आधी पोचा, आत गेल्यावर आपल्या जागेसमोरच्या कठड्याला स्कार्फ किंवा रुमाल बांधा. झाली जागा तुमची, खुशाल पाय मोकळे करून या. मी ओढणी बांधली होती. शेजारच्या आजोबांनी तिचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं आणि कुठलं म्हणून विचारलं. इचलकरंजीचं, म्हटलं. मग मध्यंतरभर ते मला कुठल्या गायिकेचा आवाज कुठे चढतो ते समजावत होते. संगीत नाटकाला पिटात बसणारे आपले जुने रसिक असेच असतील, असं मला तेव्हा वाटलं. समोरच्या छोट्या पडद्यावर शब्दांचं भाषांतर दिसतं, त्यामुळे भाषेची भीती नको.

सकाळ कॉफीहाउससाठी राखून ठेवा. प्रसिद्ध ठिकाणच्या रांगेत उभं राहू नका, राहता त्या गल्लीतलं साधं कॉफीहाउस शोधा. 'मेलांज', म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवा. छोट्या तबकात कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो. हे पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात येतंय, तेव्हा बाटल्या विकत घेऊ नका. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं चाळत एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. आत शिरताना 'ग्र्यूस गॉट' म्हणा. जर्मनीतल्या नेहमीच्या 'गुटन टाग' या नमस्कारापेक्षा तिथे ते जास्त आपलं वाटतं.

शाकाहारी असाल तर सूप जपून मागवा. फ्रिटाटेनझुपेमध्ये वर दिसतात त्या धिरड्याच्या पट्ट्या, पण खालचं पाणी गोमांसाचं असतं. मारिलेनक्न्योडेल मात्र बिनधास्त खा: आत अख्खं जर्दाळू घातलेला उकडलेला गोळा, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. उकडीच्या मोदकाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शनिवारीच पाव-चीज घेऊन ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात.

रविवारी ७१ नंबरची ट्राम पकडून त्सेंट्रालफ्रीडहोफला जा. १८७४ साली सुरू झालेली ही दफनभूमी. बेथोवेन, शूबर्ट आणि ब्राह्म्स या संगीतकारांची थडगी एकमेकांजवळ आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे. कोणी वारलं की 'तो ७१ ने गेला' असं व्हिएन्नाकर म्हणतात. एकेकाळी ही ट्राम खरोखरच शवपेट्या वाहायची. थडग्यांवर फुलं ठेवणारी माणसं दिसतील, त्यांच्यापासून जरा लांबून चाला, फोटो विचारून काढा. घाई करू नका. परतीची गाडी संध्याकाळचीच काढा.