पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसतात का?

कुत्र्याच्या पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील आणि शी डांबरासारखी काळी, चिकट होत असेल, तर अंकुशकृमी (हूकवर्म) आतड्याला चिकटून रक्त पीत असण्याची शक्यता मोठी. लहान पिल्लू यात पटकन दगावतं, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आईच्या दुधातूनही हे जंत येतात. त्यामुळे पहिला जंताचा डोस पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की लगेच द्यायचा, पुढे दर पंधरा दिवसांनी, आणि आईलाही सोबत. घरातली आपली गोळी मोडून देऊ नका, डोस वजनावर ठरतो.

अंगणातली विष्ठा रोज उचला. पावसाळ्यात ओल्या मातीत अंडी एकदोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळ्या कातडीतून शिरण्याजोग्या होतात. माणसाच्या पायावर मग लाल, नागमोडी, भयंकर खाजरी रेघ उठते, रोज थोडी पुढे सरकणारी. नायट्याचं मलम लावून ती जात नाही (सगळे आधी तेच लावतात!), डॉक्टरांना दाखवा. ओल्या मातीत, कुत्री फिरतात त्या वाळूत चप्पल हवीच.