वर्षाची चटणी आणि डब्यातील तेल खवट का होते, ते कसे टाळावे

एप्रिल-मे महिन्यांत डंकावरून, म्हणजे मसाले कुटून देणाऱ्या गिरणीतून, कुटून आणलेली वर्षाची चटणी, म्हणजे वर्षभर पुरणारा मिरचीचा मसाला, कोल्हापुरात घरोघरी बरणीत भरली जाते आणि गणपतीच्या सुमारास तिला कधी कधी खवट वास येऊ लागतो. दोष मिरचीला दिला जातो. प्रत्यक्षात बिघडलेले असते ते चटणीतील सुके खोबरे, तीळ आणि मसाले परतताना घातलेले तेल.

हवेतील ऑक्सिजन तेलातील असंतृप्त मेदाम्लांना (मेदाच्या, हवेशी सहज संयोग पावणाऱ्या घटकांना) चिकटतो आणि त्यांची पेरॉक्साइडे बनतात. यांना वास नसतो. ती फुटून अल्डिहाइडे तयार झाली की मगच नाकाला कळते. तेलातील ई जीवनसत्त्व ही साखळी काही काळ थोपवून धरते, परंतु ते खर्ची पडले की प्रक्रिया झपाट्याने वाढते, म्हणूनच तीन महिने उत्तम असलेले तेल आठवड्याभरात बिघडले असे वाटते. ऊन, उष्णता, लोखंड व तांबे यांमुळे तिला वेग येतो.

यावरून पहिला नियम असा, की डब्याच्या तळाशी उरलेल्या जुन्या तेलावर नवे तेल कधीही ओतू नये. दुधाला विरजण लावावे तसाच तो प्रकार होतो. डबा साबणाने धुऊन उन्हात कोरडा करावा. पंधरा किलोचा डबा फोडल्यावर तेल लहान, स्वच्छ बरण्यांत काठोकाठ भरावे, कारण रिकामी जागा म्हणजे हवा, आणि रोजची बरणी गॅसपासून लांब, अंधाऱ्या फडताळात ठेवावी. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात तेल किंवा तूप साठवू नये.

खोबऱ्याचे गणित वेगळे आहे. त्यातील मेद बहुतांशी संतृप्त असल्याने हवेला सहज दाद देत नाही, पण ओल राहिली तर पाणी आणि बुरशी मिळून त्याचे विघटन करतात. पुरते पाणी न उडालेल्या कच्च्या तुपाचेही तेच होते. त्यामुळे खोबरे उन्हात वाळवून खरपूस भाजावे, पूर्ण गार झाल्यावरच कुटायला द्यावे, आणि पावसाळ्यात बरणीत ओला चमचा जाऊ देऊ नये. जवस आणि कारळे फार लवकर खवटतात. त्यांची चटणी आठवड्यापुरतीच करावी.

शंका आल्यास तेलाचा थेंब तळहातावर चोळून हुंगावा. खवट तेल तापवून सुधारत नाही, आणि फोडणीत जास्त लसूण घातल्याने फक्त वास झाकला जातो.