साहित्यिकांच्या जुन्या वास्तू जपताना या चुका टाळा

नाशकात १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे. तिळभांडेश्वर गल्लीत सावरकरांच्या मित्रमेळ्याच्या, म्हणजे क्रांतिकारक संघटनेच्या, बैठका भरल्या, टिळकवाडीत कुसुमाग्रज राहिले. अशा गावात एखादी वास्तू वाचवायचं ठरतं, तेव्हा लोकांची तळमळ खरी असते. पण तीच मंडळी उत्साहाच्या भरात वास्तूचं जे नुकसान करतात, ते पाहून जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. आपल्या वाड्यांचं जोतं, म्हणजे खालचा चौथरा, काळ्या दगडाचं, वर पक्क्या किंवा कच्च्या विटा आणि सांध्यात चुना. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून हळूहळू उडून जाते. वरून सिमेंट थापलं की ती कोंडते, आणखी वर चढते, सोबत क्षार नेते आणि भिंतीत रोवलेल्या लाकडी तुळईच्या टोकापर्यंत पोचते.

गोदाकाठच्या एका वाड्यात छोटं वाचनालय होतं, कवी मंडळी तिथे जमायची. समारंभ तोंडावर आला म्हणून आतली भिंत घाईघाईत सिमेंटनं गुळगुळीत करून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात गिलावा पोकळ वाजू लागला. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी शिरली आणि हस्तलिखित अंकांची पानं एकमेकांना चिकटली. मला बोलावलं ते त्यानंतर. गिलावा उतरवताना विटांचे तोंडचे थर त्याच्याबरोबर निघून आले, तुळईचं टोक बोटांनी कुस्करलं जात होतं. भिंत पुन्हा उभी करता आली, ते अंक मात्र गेले. ‘चुन्यात थोडं सिमेंट घातलं की लवकर धरतं’ असं सांगणारा कोणी ना कोणी प्रत्येक कामावर भेटतो. त्याचं अजिबात ऐकू नका.

माझी पहिली भेट भर पावसातच असते. पन्हळ कुठे गळते, कौलं कुठे सरकलीत, अंगणातलं पाणी जोत्याकडे वळतं का, हे उन्हाळ्यात कळत नाही. पाण्याचा बंदोबस्त होईपर्यंत मी भिंतीला हात लावत नाही. तोवर कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून पाण्याखाली महिनाभर तरी मुरू देतो. मग एका कोपऱ्यात हातभर नमुना लावायचा आणि एक पावसाळा थांबायचं. कार्यकर्ते वैतागतात, पण मी तारीख पुढे ढकलायला लावतो.

सागवानी खांबांना ऑइल पेंट नको, जवसाचं तेल पुरे. दगडावर सँडब्लास्टिंग, म्हणजे जोरानं वाळूचा मारा करून सफाई, तर कधीच नको. वाळवीची फवारणी करण्याआधी ओल शोधा. जुनी फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या की जमिनीतली ओल भिंतींकडेच वळते. आणि नदीकाठी तळमजल्यावर पुस्तकं ठेवण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, २०१६च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण ती दुरुस्तच होत नाही. ती म्हणजे नोंद करण्याआधीची आवराआवर. रविवारी स्वयंसेवक येतात, संध्याकाळपर्यंत खोली लख्ख करतात आणि त्यात पोस्टकार्डं, हिशेबाच्या वह्या, खुणा केलेली जुनी मासिकं रद्दीत जातात. लेखकाच्या घरी येणारा वाचक टेबल कोणत्या खिडकीपाशी होतं ते पाहायला येतो. ते टेबल एकदा सरकलं आणि जागा कोणी लिहून ठेवली नसली की पुढे सगळा अंदाज. म्हणून झाडू लागण्याआधी मी चारही भिंतींचे आणि प्रत्येक कोनाड्याचे फोटो घेतो, खोलीचा हातानं नकाशा काढतो, वस्तूंना दोऱ्यानं क्रमांक बांधतो. चिकटपट्टी वापरत नाही, तिचे डाग राहतात. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्याच खोलीत बसवून बोलतं करतो आणि ते रेकॉर्ड करतो. याला दिवस लागतात. घाई असेल त्यांनी हे काम अंगावर घेऊ नये.

वारसांची लेखी संमती मिळेपर्यंत एकही वस्तू घराबाहेर न्यायची नाही, दुरुस्तीसाठीसुद्धा.