संपादकांना पत्र लिहिताय? निदान या चुका तरी टाळा

तालुक्याच्या गावातल्या एका दैनिकात मी सहा वर्षं वाचकांच्या पत्रांचं पान बघितलं. ते काम सोडून बराच काळ झाला, पण ओळखीपाळखीचे लोक अजून पत्रं पाठवतात, "जरा नजर टाक, छापून येईल का सांग" म्हणतात, आणि मी उघडून बघतो तर त्याच चुका, तेव्हा होत्या त्याच. वाईट याचं वाटतं की बहुतेकांचं म्हणणं अगदी खरं असतं. रस्ता खरंच उखडलेला असतो, पाणी खरंच चार दिवसांनी येत असतं, आणि तरी पत्र बाजूला पडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्र कोणासाठी लिहितोय हेच माहीत नसणं. "तरी आपण सदर खड्डा त्वरित बुजवावा ही नम्र विनंती" असा शेवट असलेली किती पत्रं वाचली त्याला गणतीच नाही. अहो, संपादक खड्डा कसा बुजवणार? त्याच्याकडे ना खडी ना डांबर. हे सगळं शाळेतून येतं असं माझं स्पष्ट मत आहे. मराठीच्या पेपरात तक्रार पत्र, विनंती पत्र, मागणी पत्र सगळ्यांचा मायना एकाच साच्यातला, प्रति, मा. अमुक, विषय, महोदय, आणि खाली आपला विश्वासू. पाच गुण मिळतात आणि डोक्यात पक्कं बसतं की "मा. मुख्याधिकारी" खोडून "मा. संपादक" लिहिलं की झालं संपादकांना पत्र. नाही होत. वर नाव संपादकांचं असलं तरी पत्र वाचणार असतो दुसरा वाचक. सदरांची नावंच बघा ना, 'लोकसत्ता'त 'लोकमानस', 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये 'बहुतांची अंतरे', म्हणजे नावातच लोक आहेत.

माझी सवय सांगतो. लिहायला बसलो की डोळ्यांसमोर एक माणूस आणतो, जो टपरीवर चहा पिता पिता पेपर चाळतोय आणि माझ्या गावचा नाहीये. त्याला "गल्ली नंबर चारमधली बोअरवेल" कशी कळणार? त्याला सांगावं लागतं की गाव कोणतं, किती घरं, पाणी आणायला बायकांना किती लांब जावं लागतं. त्याला कळलं तर सगळ्यांना कळतं, मुख्याधिकाऱ्यांनासुद्धा.

आणि त्याच्या आधीचं एक काम, जे नव्वद टक्के लोक टाळतात कारण कंटाळा. आधी संबंधित ऑफिसात लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. मग पत्रात एवढंच लिहा की अमुक तारखेला अर्ज दिला, पोच आहे, दोन महिने झाले, उत्तर नाही. हे एक वाक्य जे करतं ते "निद्रिस्त प्रशासन", "गेंड्याच्या कातडीचे अधिकारी" वगैरे चार परिच्छेद करू शकत नाहीत. आकडा हवा असेल, म्हणजे रस्त्यावर किती खर्च झाला वगैरे, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच, दहा रुपयांत अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण लोकांना तीस दिवस थांबायचं नसतं, पत्र आज लिहून उद्या छापून हवं असतं.

आता पाल्हाळ. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे नेहमी पत्रं द्यायचे. अक्षर मोत्यासारखं, फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरलेल्या, समासही आखलेला. त्यांच्या घराजवळच्या शाळेच्या कुंपणाला लागून विजेची डीपी होती, तिचं झाकण गेलेलं, आतल्या वायरी उघड्या, आणि मधल्या सुट्टीत पोरं तिथेच पकडापकडी खेळायची. सर रोज बघायचे आणि त्यांच्या पोटात गोळा यायचा, म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. पण कसं? पहिला परिच्छेद वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ यावर. दुसरा आपल्या दैनिकाच्या निर्भीड परंपरेवर. तिसऱ्यात नागरिकांची कर्तव्यं, त्यात एक संस्कृत सुभाषित. डीपी आली थेट पाचव्या परिच्छेदात, तीही "या निमित्ताने आणखी एका बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते" असं म्हणत.

मी त्या दिवशी रजेवर होतो. पानावर ऐनवेळी जाहिरात आली, जागा कमी पडली, आणि बदली बसलेल्या मुलाने जे रात्री दहा वाजता सगळीकडे करतात तेच केलं, पत्र खालून कापलं. दुसऱ्या दिवशी सरांचं पत्र आलं, नावासकट, ठळक शीर्षकासकट, "नागरिकांनी जागरूक व्हावे". डीपीचा उल्लेखही नाही. सर अंक घेऊन ऑफिसला आले, रागावले नाहीत, फक्त अंक टेबलावर ठेवून म्हणाले, "मुलांचं राहिलंच की हो यात." मला अजून तो आवाज आठवतो.

तिथेच बसून आम्ही दोघांनी नवं पत्र लिहिलं, नव्वदेक शब्दांचं. पहिलंच वाक्य होतं, अमुक शाळेच्या कुंपणालगतच्या वीज डीपीला दोन महिन्यांपासून झाकण नाही आणि मधल्या सुट्टीत मुलं तिथेच खेळतात. बस. यातलं खालून काहीही कापा, मुद्दा जात नाही. दहा-बारा दिवसांत झाकण बसलं, पत्रामुळेच बसलं असा दावा मी करणार नाही, पण बसलं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की पत्र लिहून झालं की शेवटचा परिच्छेद वाचायचा, खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच असते, तो उचलून सगळ्यात वर आणायचा आणि आधी जे वर होतं ते निर्दयपणे खोडायचं. दोनशे शब्दांच्या वर गेलं तर मी पुन्हा बसतो. संपादकांची स्तुती तर अजिबात नको, ती छापायला कोणालाच आवडत नाही, संकोचच होतो.

बारीकसारीक चुका भराभर सांगतो कारण त्यात फार काही बोलण्यासारखं नाही, फक्त पाळायचं आहे. एखाद्या बातमीवर किंवा अग्रलेखावर लिहिताय तर मथळा आणि तारीख पहिल्याच ओळीत द्या, "परवाच्या आपल्या बातमीत" म्हटलं तर कोण शोधत बसणार? प्रतिक्रिया त्याच दिवशी पाठवा, आठ दिवसांनी वाचक तो विषय विसरलेला असतो. एका पत्रात एकच विषय. खड्डे, भटकी कुत्री आणि डीजेचा आवाज एकत्र आले की तिन्ही वाया. ईमेल करताना मजकूर मेलमध्येच टाका, युनिकोडमध्ये, कारण जुन्या श्रीलिपी फॉण्टमधली फाईल समोरच्याकडे तो फॉण्ट नसेल तर नुसती अगम्य चिन्हं दाखवते, आणि वहीच्या पानाचा तिरका फोटो पाठवला तर कोणीतरी तो बसून टाईप करायचा हे समोरच्यावर ओझं आहे. बोलून टाईप करत असाल तर नंतर एकदा वाचा, त्यात पूर्णविरामच नसतात. आणि आठ पेपरांचे पत्ते एकाच वेळी टाकून एकच मेल पाठवू नका, प्रत्येक संपादकाला बाकीचे सात दिसतात आणि प्रत्येक जण म्हणतो, दुसरा छापेल.

नावाबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो. "एक त्रस्त नागरिक", "एक जागरूक वाचक", हे बंद करा. परीक्षेत स्वतःचं नाव लिहायचं नसतं म्हणून अ.ब.क. लिहायची सवय लागते, ती आयुष्यभर सुटत नाही असं दिसतं. निनावी पत्र छापायचं की नाही हे सर्वस्वी संपादकावर असतं, आणि बहुतेक जण छापत नाहीत, कारण उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यायला माणूसच नसतो. यावर मला एकाने ऐकवलं होतं की लोकहितवादींनीसुद्धा टोपणनावानेच लिहिलं की. हो, गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने शंभरावर पत्रं लिहिली, तीच पुढे शतपत्रे म्हणून ओळखली गेली. पण ते एकच नाव त्यांनी पत्रामागून पत्र लावलं आणि आयुष्यभर त्या नावाची जबाबदारी घेतली. "एक त्रस्त नागरिक" म्हणजे कोणीच नाही. नोकरीमुळे किंवा गावातल्या दबावामुळे नाव छापायला खरंच भीती असेल तर खरं नाव, पत्ता, फोन संपादकांना द्या आणि "कृपया नाव प्रसिद्ध करू नये" असं स्पष्ट लिहा. त्यात गैर काही नाही, मी स्वतः अशी पत्रं लावली आहेत.

तयार नमुन्यांचा मला मनापासून राग आहे. पूर्वी निबंधाच्या गाईडमधून उतरवायचे, आता एआयकडून लिहून घेतात. एका परिचिताने मला त्याच्या वॉर्डातल्या कचऱ्यावरचं पत्र दाखवलं, सुरुवात "आजच्या धावपळीच्या युगात स्वच्छता ही काळाची गरज बनली आहे", व्याकरण निर्दोष, आणि वॉर्डाचं नावसुद्धा कुठे नाही. मी त्याला विचारलं, घंटागाडी शेवटची कधी आली? तो म्हणाला, मागच्या मंगळवारी, आणि तीही कोपऱ्यावरूनच वळली कारण आमच्या गल्लीत खोदून ठेवलंय. अरे मग हेच लिही की! हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? अशुद्ध लिही, एखादी वेलांटी चुकू दे, पानावर बसलेला माणूस ती दुरुस्त करतो, पण तुझ्या गल्लीत काय झालं ते तो कुठून आणणार.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त लागते ती, कारण ती माझ्या हातून झालीय, पेपरात लागण्याच्या आधी. ऐकीव माहितीवर लिहिणं.

आमच्या गावाकडे जाणारी संध्याकाळी साडेपाचची बस कॉलेजच्या मुलींना सोयीची होती. एक दिवस पारावर कळलं की ती बंद केली. मी पेटलो, त्याच रात्री पत्र लिहिलं की डेपोने गाडी बंद करून मुलींच्या शिक्षणावर घाला घातला आहे. छापून आलं, लोकांनी पाठ थोपटली. पाचव्या दिवशी त्याच जागी डेपोचा खुलासा आला, गाडी बंद केलेली नाही, वेळ बदलून सव्वासात केली आहे, ती नियमित धावते, सबब पत्रलेखकाची माहिती चुकीची आहे. शब्दन् शब्द बरोबर होता तो खुलासा. ज्याच्याबद्दल चुकीचं छापून येतं त्याला उत्तर देण्याचा हक्क असतो, प्रेस कौन्सिलच्या नियमांतही तो आहे, त्यामुळे पेपरने छापला ते योग्यच केलं.

पण मुली तर सव्वासातपर्यंत स्टँडवरच बसून राहत होत्या ना. पुढे फाट्यापासून गावापर्यंत दीड किलोमीटर रस्ता, एक दिवा नाही. मूळ प्रश्न हा होता, आणि तो माझ्या पत्रात नव्हताच, कारण मी चौकशी खिडकीवर जाऊन विचारलंच नव्हतं. दुसरं पत्र दिलं तर संपादक म्हणाले, "त्या विषयावर खुलासा आलाय, विषय संपला." वाद कधी थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, मी काय बोलणार. त्या सत्रात गावातल्या दोन मुलींना घरच्यांनी कॉलेज बंद करायला लावलं. फक्त माझ्या पत्रामुळे असं नाही, पण पत्र नीट लिहिलं असतं तर निदान खरा प्रश्न तरी चार लोकांपुढे आला असता.

म्हणून आता मी वेळापत्रकाच्या बोर्डाचा फोटो काढतो. स्वतः जाऊन उभा राहतो. वहीत तारीख, वेळ, काय पाहिलं हे लिहितो आणि जे नुसतं ऐकलंय त्याच्यापुढे "ऐकलं" असं लिहून ठेवतो, त्यातलं काहीही पत्रात जात नाही. कोणाचं नाव घेऊन पैसे खाल्ल्याचा आरोप तर कागद हातात असल्याशिवाय कधीच करू नका. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमात आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि लिहिणाऱ्याबरोबर छापणाराही अडकतो. मग संपादक असं पत्र कशाला लावेल?

पत्र पाठवल्यावर रोज फोन करून "आलं का, आलं का" विचारू नका, तो त्रास मी भोगलाय. आठ दिवस थांबा, नाही आलं तर दुसऱ्या पेपरला द्या. आणि छापून आलं की स्टेटसला ठेवून मोकळे होऊ नका, बहुतेक लोक इथेच थांबतात. कात्रण कापा, मागच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा, वर चार ओळींचं स्मरणपत्र लिहा, त्याच ऑफिसात त्याच खिडकीवर द्या आणि पुन्हा पोच घ्या.