अतिदक्षता विभागातील परिचारिकांचा ताण: निर्णयाची मुभा लेखी कशी द्यावी

परिचारिकांवरील ताणाचा विषय निघाला की रुग्णालये बहुधा योगवर्ग किंवा समुपदेशनाचे व्याख्यान ठेवतात. त्याने थोडे बरे वाटते, पण ड्यूटीवरची परिस्थिती तीच राहते. कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाची मुभा अपुरी असली की ताण सर्वाधिक वाढतो, असे कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले. अतिदक्षता विभागात हेच दिसते: रक्तदाब घसरल्याचे सर्वांत आधी परिचारिकेच्या लक्षात येते, परंतु रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिनचा वेग वाढवण्यासाठी तिला निवासी डॉक्टरांची वाट पाहावी लागते आणि उशीर झाल्यास जाब मात्र तिलाच विचारला जातो.

इन्चार्ज सिस्टरांनी प्रथम आठवडाभर एक वही तिन्ही पाळ्यांत फिरवावी आणि डॉक्टरांना फोन कशासाठी केला, उत्तर काय मिळाले व किती वेळाने मिळाले, एवढेच त्यात लिहून घ्यावे. ज्या प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर मिळते, तो निर्णय परिचारिकेकडे सोपवण्याजोगा असतो.

त्यांपैकी सुरुवातीला एकच निवडावा. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा निवडल्यास सरासरी धमनीदाबाचे लक्ष्य (सामान्यतः ६५ मिलिमीटर पारा), मात्रा किती टप्प्याने वाढवायची वा घटवायची, किती मिनिटांनी पुन्हा पाहायचे आणि कोणत्या मात्रेपुढे डॉक्टरांना बोलावलेच पाहिजे, हे कन्सल्टंटांबरोबर बसून ठरवावे व कागदावर त्यांची सही आणि तारीख घ्यावी. ‘तुम्ही बघून घ्या, सिस्टर’ ही तोंडी परवानगी चौकशीच्या वेळी कोणालाच आठवत नाही. सहीचा कागद हेच परिचारिकेचे खरे संरक्षण आहे. गुंगीच्या औषधांबाबतही, रुग्ण किती गुंगीत वा किती अस्वस्थ आहे हे उणे ५ ते अधिक ४ या अंकांत मोजणाऱ्या रास मोजपट्टीचा आधार घेऊन, असाच कागद करता येतो.

मर्यादेपलीकडच्या प्रसंगी फोनवर सद्यःस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि मागणी या क्रमाने बोलण्याचा सराव करून घ्यावा. पहिले दोन भाग सर्वांना जमतात. ‘रुग्णाला सेप्सिस असावा असे मला वाटते, आपण आत्ता येऊन पाहावे’ असे म्हणताना नव्या परिचारिका अडखळतात, म्हणून सरावाचा बहुतेक वेळ तेथेच द्यावा.

मात्र व्हेंटिलेटरवरील तीन रुग्ण एकाच परिचारिकेकडे असतील, तर तिला अधिकार देणे म्हणजे आणखी एक काम तिच्या माथी मारणे होय. तेथे आधी मनुष्यबळाची मागणी मेट्रनमार्फत लेखी पुढे पाठवावी.

महिनाभराने केसपेपर आणि वही समोर ठेवून परिचारिका व डॉक्टरांनी एकत्र आढावा घ्यावा. ठरलेली मर्यादा कोठे ओलांडली गेली याबरोबरच, अधिकार असूनही फोन कोठे केला गेला हेही पाहावे. असे फोन बरेच असतील, तर बहुधा कागदातील एखादी सूचना संदिग्ध असते किंवा पूर्वी कोणाला तरी त्याबद्दल बोलणी बसलेली असतात.