मूकपटाला लाइव्ह म्युझिक देणार असाल तर आधी एवढं उरकून घ्या

पहिलं काम म्हणजे कुठली प्रिंट दाखवणारेत ते आयोजकांना विचारा आणि जमलं तर तीच फाइल मागून घ्या, कारण एकाच मूकपटाच्या तीन-चार आवृत्त्या फिरत असतात. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’चंच बघा, ब्युनोस आयर्सला सापडलेले सीन जोडून २०१० मध्ये त्याची रिस्टोअर केलेली आवृत्ती आली, आता जुन्या छोट्या प्रिंटवर बसवलेलं म्युझिक तिच्यावर कसं बसणार? स्पीड पण विचारा. तेव्हा कॅमेरा बऱ्याचदा हातानेच फिरवायचे त्यामुळे ठरलेला असा एकच स्पीड नव्हता, आणि सेकंदाला २४ फ्रेम्सने दीड तासात संपणारा पिक्चर १८ ने लावला तर दोन तास चालतो, म्हणजे तुम्हाला अर्धा तास जास्त वाजवायचंय.

मग पिक्चर बघा, पण आवाज पूर्ण बंद करून. डीव्हीडीवरचं म्युझिक एकदा कानात बसलं की ते डोक्यातून जात नाही, शिवाय ते कोणाचं तरी कॉपीराइट असलेलं काम असू शकतं. वही घेऊन बसा, सीन कुठे बदलतो, संवादाच्या-माहितीच्या पाट्या कुठे येतात, आणि पडद्यावर दिसणारे आवाज, म्हणजे दार ठोठावणं, बिगुल, घंटा, कोणी पियानोवर बसलंय, हे सगळं वेळेसकट लिहा. यातलं प्रत्येक वाजवायचंच असं नाही, पण कथेतलं माणूस ज्या आवाजाने दचकतं तो सोडू नका.

थीम मोजक्याच ठेवा, दोन-तीन मुख्य पात्रांना एकेक आणि एखादी धोक्याची, बास. प्रत्येकाला वेगळी धून दिली तर प्रेक्षकाला एकही ओळखता येत नाही.

आता खरं महत्त्वाचं, जोर कुठे लावायचा ते आधी ठरवा आणि शेवटाकडून मागे मोजत या. ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) मधला ओडेसाच्या पायऱ्यांचा सीन घ्या, सैनिक उतरायला लागले की हात आपोआप जोरात पडायला लागतो, पण तिथेच सगळं ओतलंत तर पुढे आई कोसळते आणि बाबागाडी पायऱ्यांवरून सुटते तेव्हा तुमच्याकडे द्यायला काहीच उरत नाही. मी तर म्हणेन आईला गोळी लागते तिथे आवाज एकदम खाली आणा, वाटल्यास पूर्ण थांबा, आणि चाक सरकलं की परत सुरू करा. शांतता कुठे ठेवणार हे वहीत लिहूनच ठेवा, ऐन वेळी थांबायचा धीर होत नाही. विनोदी पिक्चर असेल तर लोक हसतात तिथे जागा सोडा, प्रत्येक पडण्या-आपटण्यावर ठेका दिलाच पाहिजे असं अजिबात नाही, मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटनचा चेहरा मख्ख असतो म्हणूनच हसू येतं, तिथे म्युझिकने डोळे मिचकावले की मजा गेली!

ग्रुप असेल तर लीड कोण आणि खूण काय हे ठरवून घ्या आणि अख्खा पिक्चर न थांबता एकदा तरी वाजवा, तुकड्या-तुकड्यांत बसलेलं म्युझिक सलग वाजवताना हात कुठे थकतात ते तेव्हाच कळतं.

हॉलवर लवकर पोचा. मान न वळवता पडदा दिसतोय का बघा, अगदी जवळून तिरकं बसावं लागत असेल तर समोर छोटा मॉनिटर मागा. स्टँडचा दिवा मंद हवा आणि त्याचा उजेड पडद्यावर जाता कामा नये, टॅब्लेट असेल तर ब्राइटनेस खाली आणि नोटिफिकेशन बंद. वाद्यं एसी चालू झाल्यावर परत ट्यून करा. प्रोजेक्शनवाल्याला फाइलचा साउंड म्यूट करायला सांगा आणि तो म्यूट केलेला स्वतः तपासा. मध्येच पिक्चर अडकला तर वाजवणं थांबवू नका, चालू असलेली थीम हळू आवाजात फिरवत राहा, आणि ‘समाप्त’ची पाटी जाऊन लाइट लागेपर्यंत शेवटचा सूर धरायचा का तोडायचा हेही प्रोजेक्शनवाल्याशी आधीच बोलून घ्या.